वहिनीचं मेज

पाच बोटं दाबायची होती. मी तीनच दाबली. रुमालाखाली काय झालं ते दोनच माणसांना ठाऊक असतं, आणि त्यातला दुसरा बोलला नाही. म्हणून ही गोष्ट अकरा वर्षं माझ्यापाशी सुखरूप राहिली. बायकोलाही सांगितली नाही. आता वहिनीविषयी लिहायला बसलो, तर ती वगळून लिहिता येईना.

वहिनी म्हणजे माझ्या मधल्या भावाची बायको. हिंगोलीत आमची हळदीची अडत होती, दुकानामागेच घर. वहिनी मागच्या अंगणात बोलली की पुढे तराजूवरचा हमाल "जी" म्हणून ओ देई. भावानं तिला लिहायला-वाचायला शिकवलं आणि तिशीच्या आतच तो गेला. आता तरी हिनं हळू बोलावं, असं घरात सगळ्यांनाच वाटे. ती म्हणायची, "नवरा गेला माझा, गळा न्हाई गेला."

थोरले दादा तिच्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायची रीत नव्हती. ते भिंतीकडे पाहून म्हणत, "तिला सांग, बाहेर कमी दिसत जा." दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली वहिनीही माझ्याकडेच पाहून म्हणे, "त्यांना सांगा, मी दिसून राहिले तर त्यांनी डोळे मिटावेत." मी मधे उभा. यातलं एकही वाक्य मी कधी जसंच्या तसं पोचवलं नाही. पोचवायची गरजही नसे.

बाजाराच्या दिवशी खेड्यांतल्या बायका मागच्या दारानं वहिनीकडे येत आणि माहेरी पत्रं लिहून घेत. आलेली उत्तरं घरी नेली तर मार खावा लागे, म्हणून ती, आणि टपालात टाकायची राहिलेली पत्रंही, वहिनीच्याच पत्र्याच्या पेटीत राहत. पेटीला कुलूप नव्हतं. एकदा दादांनी ती उघडली. शिरड शहापूरच्या एका बाईनं बापाला लिहिलं होतं, "मला येऊन घेऊन जा." तिचा नवरा आमच्याकडे माल घालायचा. दादांनी त्याच्या कानावर घातलं. ती बाई दोन महिन्यांनी बाजारात दिसली, हात गळ्यात बांधलेला होता.

त्या दिवशी वहिनी रडली नाही. मला म्हणाली, "भाऊजी, कुलपाचं मेज पाहिजे. पेटी कुणीबी उचलून नेतं. मेज न्यायला चार गडी लागतात." दादांनी भिंतीला विचारलं, घरात कुलूप काहून पाहिजे? वहिनी म्हणाली, "ज्याला कुलूप टोचतं, त्याचा हात आत असतो." दादा जेवणावरून उठले. ते वाक्य मलाही टोचलं. ते का, ते पुढे सांगतो.

छावणीतल्या एका जुन्या बंगल्याचे मालक हैदराबादला निघाले होते आणि गोऱ्या साहेबांच्या वेळचं सामान विकून टाकत होते. त्यात लिहायची तीन मेजं होती. तिन्हींना पुढं उतरतं झाकण; ते पाडलं की लिहायची फळी होई, आत कागदांचे कप्पे. एक पितळेच्या कड्यांचं, आरशासारखं लखलखीत. दुसऱ्यावर काचेचं कपाट. तिसरं मळकट सागवानी, एका पायाखाली विटेचा तुकडा.

वहिनीनं हळद पारखतात तशी मेजं पारखली. खण बाहेर ओढले, उलटे केले, हुंगले. बोटाच्या पेरानं फळ्या वाजवल्या. मेजं भिंतीपासून ओढायला लावून त्यांच्या पाठी बघितल्या. लखलखीत मेजाच्या पाठीत नख घातलं, तर पिठासारखा भुसा गळला. "ह्ये रंग दिलेली हळद हाय. वरून पिवळी धमक, आत किडा." काचेच्या कपाटाला म्हणाली, "मला पत्रं ठिवायचीत, मांडायची न्हाईत." मळकट मेजाची किल्ली तिनं सात वेळा फिरवली. सातही वेळा कुलूप एकाच आवाजात लागलं. "ह्ये घ्यायचं," ती म्हणाली. "पाय काय, सुतार बसवंल." पैशासाठी तिनं पाटल्या मोडल्या होत्या. कुणीतरी हळहळलं तर म्हणाली, "मला पाटल्या घालायची बंदी हाय, मोडायची न्हाई."

विक्री चाचांकडे होती. चाचा आमच्या बाजारातले जुने दलाल. त्यांची रीत बाजाराचीच: हातावर रुमाल टाकायचा, त्याखाली घेणाऱ्यानं दलालाची बोटं दाबून भाव सांगायचा; जितकी बोटं जास्त, तितका भाव चढा. इतरांना कळत नाही आणि कुणी किती दाबली ते दलाल कधी बोलत नाही; सौदा ठरला की फक्त शेवटचा भाव सांगतो. परपुरुषाची बोटं वहिनी कशी दाबणार? म्हणून मी. आदल्या दिवशी तिनं मला सांगितलं, "पाच बोटं." आणि दादांनी सांगितलं, "मेज घरात आलं तर तू बाहेर."

दादांची भीती होती, हे खरं. पण तेवढीच नव्हती. त्या पेटीत माझ्या बायकोनं माहेरी लिहून घेतलेलं पत्रही होतं, आणि पाठवण्याआधी ते मी चोरून वाचलं होतं. "ह्ये मारत न्हाईत, पण बोलत बी न्हाईत. भिंतीसंगं संसार करून राहिले मी." पुढच्या पत्रात काय असेल, ते मला वाचायचं होतं. कुलूप मला नको होतं.

मी तीन बोटं दाबली. वकिलाच्या कारकुनानं चार. वऱ्हांड्यात येऊन मी मान हलवली, "गेलं. वकिलाकडं." वहिनी तडक आत गेली.

"चाचा, कितीला गेलं?"

"चार, बाई. इसार बाकी है."

"चार? अन् माझी पाच?" ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, किती दाबली तुमी?"

दहा-बारा माणसं उभी होती, बंगल्याचे मालकही. मी म्हणालो, "पाच."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी जणू आजारी आहे, तसं.

"म्हंजी वकिलाचं खाऊन राहिले तुमी!" वहिनी कडाडली. "पांढऱ्या दाढीची तरी लाज धरा."

"रुमाल के नीचे की बात रुमाल के नीचेच रहती, बाई," चाचा एवढंच म्हणाले.

"मग वरून बोला!" तिनं त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून मेजावर आपटला. "पाच! समद्यांना ऐकू गेलं का? पाच!"

मालक हसले आणि मेज तिला दिलं.

दादांनी ते उंबऱ्याच्या आत घेऊ दिलं नाही. "मग मी बी येत न्हाई," वहिनी म्हणाली आणि मेजासकट मागच्या हळदीच्या कोठीत राहायला गेली. लोक हसले, मग थकले. बायकांची रांग पुसेगावपर्यंतच्या गावांतून लागायला लागली. वहिनीनं कुणाचा एक शब्द बाहेर जाऊ दिला नाही.

चाचांच्या रुमालाखाली मात्र पुढं कुणी हात घालेना. ते गप्प राहिले, आणि बाजारानं त्याचा अर्थ लावला. दोन वर्षांत त्यांनी दलाली सोडली.

यंदाच्या उन्हाळ्यात वहिनी तापानं गेली. मेजाची किल्ली तिनं माझ्या बायकोच्या हातात दिली. मग मला जवळ बोलावलं. तिचा आवाज पहिल्यांदाच मला वाकून ऐकावा लागला. "भाऊजी, चाचाला सांगा, मी माफ केलं. मनात न्हाई आता काई." मी मान हलवली. खरं तेव्हाही सांगितलं नाही.

चाचा हयात आहेत. डोळ्यांनी अधू झालेत, आवाजावरून माणूस ओळखतात. माझं त्यांच्याकडे देणं आहे: भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं की दलाल खरा होता, खोटा मी. ते मी अजून दिलेलं नाही.