नाणी खरी, डबी तुझी
काल सत्कारात मिळालेली मखमली डबी उघडली आणि मखमल चिकटवायच्या सोल्युशनचा तोच उग्र वास आला. काही वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात वडिलांनी अशीच एक डबी नाकाशी धरली होती. ते एसटीत कंडक्टर होते, नाणी त्यांच्या बोटांना पाठ होती. डबीवर सोनेरी अक्षरांत ‘टांकसाळीचा अधिकृत संच’ असं छापलेलं. वडिलांनी भिंग मागून प्रत्येक नाण्यावरची सालाखालची खूण पाहिली. “याच्यावर चांदणी, हे हैदराबादचं. याच्यावर चौकट, हे मुंबईचं. दोन टांकसाळींनी मिळून एकच डबी भरली व्हय?” विक्रेता म्हणाला, “मामा, नाणी खरी हायेत.” “नाणी खरीच हायेत. डबी तुझी हाय. तसं डबीवर लिही, मग घेतो.” “हळू बोला ना, गिऱ्हाईक ऐकतंय.” “त्यांच्यासाठीच बोलतोय.” मी ओशाळून त्यांची बाही ओढत होते. त्यांनी ती सोडवून घेतली आणि भिंग मागच्या बाईंच्या हातात दिलं. आता वडील नाहीत. पण मला कुणी ‘मॅडम, हळू बोला’ म्हणालं, की मी आणखी मोठ्यानं बोलते, आणि माझी बाही ओढायला मी कुणाला जवळ उभं करत नाही.