काळ्या ज्वारीचा चोथा

मुलांनो, आजीने मानोऱ्याला दारू गाळली ही गोष्ट परवा फोनवर तुमच्याच तोंडून ऐकली. ती आणखी फुगायच्या आत, घडलं ते क्रमाने लिहिते.

त्या हंगामात कापणीलाच पाऊस लागला आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंची ज्वारी काळी पडली. कारंज्याच्या बाजारात कुणी हात लावेना. धान्यापासून इथेनॉल करणारा एक कारखाना तसला माल घेत होता, पण जाऊबाई अडून बसल्या. त्यांनी खळ्यावर रास पुजली होती.

"पुजलेल्या राशीची दारू करायले देऊ? सडली तरी चालते मले."

पोत्यांत कीड शिरू लागली होती. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. नुसतं सांगून कुणाला पटत नाही हे मला ठाऊक होतं. त्यांच्याच चुलीवर मी त्या ज्वारीची पेज शिजवली. जरा निवल्यावर तीत मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचं पीठ कालवलं. यीस्टला पिठूळ भाग तसाच पचत नाही. मोडांमुळे आधी त्याची साखर होते. जाऊबाईंनी बोट बुडवून चाखलं, आणि गूळ कधी घातला म्हणून मलाच विचारलं. पेज पुरती कोमट झाल्यावर यीस्ट घातलं, सगळं बाटलीत भरलं आणि तोंडाला फुगा बांधला.

दुसऱ्या दिवशी फुगा ताठ उभा होता. बाटली उघडताच घरभर वास सुटला.

"कॉलेजात हेच शिकवत होती का व तू?" त्या म्हणाल्या. तुमची गोष्ट इथूनच निघाली.

मी ते सगळं उघड्या पातेल्यात उकळलं, फडक्यातून गाळलं, चोथा उन्हात पसरला. जे इथेनॉल मी वाफेवर सोडून दिलं ते कारखाना धरून ठेवतो आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात, हे सांगितलं. उरलेला चोथा ढोरांच्या खुराकात जातो, हेही सांगितलं. जाऊबाईंनी चोथ्याचं तेवढं ऐकलं. वाळलेला चोथा घमेल्यात घेऊन त्या गोठ्यात गेल्या. गाईने आधी हुंगला, मग घमेलं चाटून पुसून ठेवलं.

"दाणा समदा बाटलीत नाई जात तर," त्या म्हणाल्या. "मंग बोलाव गाडी."

पोती गेली. राशीच्या माथ्यावरची ओंजळभर ज्वारी मात्र त्यांनी दिली नाही. ती काळी ज्वारी अजून त्यांच्या देवघरात, पितळेच्या वाटीत आहे.