हिरवळीत सुटलेली जागा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. विश्वास म्हणून नाही, करमणूक म्हणून. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई आणि शेवटी "ती तर कधीच वारली होती"... जेवताना वाचायला बरं असतं. त्यातही जे लोक फोटो जोडतात त्यांची मला कीव येते. लाल गोल काढून "नीट बघा, खिडकीत चेहरा आहे" असं लिहिणारे. खिडकीत चेहरा नसतो हो, पडद्याची घडी असते. हे मी अधिकाराने सांगते, कारण फोटोत नसलेलं घालणं आणि असलेलं काढणं हाच माझा धंदा आहे. वारलेले सासरे लग्नाच्या फोटोत उभे करून देते, नकोसा झालेला जावई ग्रुप फोटोतून काढून देते. तुमचं भूत मी चहा थंड व्हायच्या आत करून देईन. वर त्याची सावलीही टाकेन, जी तुम्ही मंडळी कायम विसरता.

असं माझं मत होतं आणि ते आजही फारसं बदललेलं नाही. तरी लिहिते आहे, कारण एक गोष्ट माझ्याच स्क्रीनवर घडली, तीही भर दुपारी, कूलर चालू असताना.

संभाजीनगरला सिडकोत, टीव्ही सेंटरच्या बाजूला पहिल्या मजल्यावर माझं दुकान आहे. फ्लेक्स, ब्रोशर, लग्नाचे अल्बम. फोटो रफिकभाई काढतात, पुढचं काम मी करते. रफिकभाई पन्नाशीचे, माझ्याहून कमी बोलणारे, आणि माणूस म्हणून माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांपेक्षा बरे.

गिऱ्हाइकांत सध्या भरणा प्लॉटिंगवाल्यांचा. आमच्याकडे ज्याला दुसरं काही जमत नाही तो प्लॉटिंग करतो. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट आणि फोनवर "बोला साहेब." उजाड माळाचा फोटो द्यायचा आणि स्वित्झर्लंड मागायचं. भाऊसाहेब हा त्यातलाच एक नमुना. माझ्या दुकानात आला की आधी रुमालाने खुर्ची पुसणार, मग बसणार. त्याची जमीन पडेगावच्या पुढे, दौलताबाद रोडवरून थोडी आत. मागे किल्ला दिसतो, एवढंच त्या जमिनीचं कर्तृत्व.

"फोर्ट व्ह्यू टाकायचं ताई," तो म्हणाला. "अन् खाली सगळं हिरवंगार पाहिजे. मातीचा एक कण दिसाया नको."

"उन्हाळ्यात?"

"लोकांना कुठं कळतंय उन्हाळा हाय का पावसाळा."

फोटो काढायला रफिकभाईंसोबत मीही गेले होते, छत्री घेऊन. जेसीबीने सपाट केलेली तांबूस माती, कडेला थोडी बाभूळ, दुसरं काही नाही. आम्ही तिघं सोडून तिथं माणूस नव्हता, कुत्रंही नव्हतं. रफिकभाईंनी मोठ्या कॅमेऱ्याने दोन बाजूंनी फोटो घेतले, मग ड्रोन उडवून वरून घेतले. भाऊसाहेब तेवढा वेळ गाडीत एसी लावून बसला होता.

आता कामाचं सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. फोटोतली माती हिरवी करायची तर आधी ती सिलेक्ट करावी लागते. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक जादूची कांडी असते. नाव जादूची, काम गाढवाचं. तुम्ही एका ठिपक्यावर क्लिक करायचं. त्या रंगाचं आजूबाजूला जेवढं असेल तेवढं ती पकडते आणि त्याच्या कडेने तुटक रेषा फिरायला लागते, मुंग्यांची रांग चालावी तशी. मुंग्यांच्या आत जे आहे ते तुमच्या ताब्यात. मग ओता हिरवा रंग, टाका गवत. पहिल्या दिवशी शिकवतात हे. माणूस, दगड, देव... कांडीला काही कळत नाही. तिला फक्त रंग कळतो.

मी मातीवर क्लिक केलं. मुंग्या शेताच्या कडेने बरोबर फिरल्या. आणि मधोमध, जिथं माझ्या डोळ्यांना नुसती सपाट माती दिसत होती, तिथं आणखी एक छोटी रांग फिरायला लागली. माती पकडताना कांडीने तेवढी जागा सोडून दिली होती.

त्या जागेला आकार होता. डोक्यावरून घेतलेला पदर. एक गुडघा मुडपलेला, एक उभा. उभ्या गुडघ्यावर टेकवलेला हात. जमिनीवर बसलेली बाई.

मी अर्थातच घाबरले नाही. चिडले. असं काही दिसलं की कोपऱ्यातल्या मठ्ठ पोरासारखं तोंड वासून बसणाऱ्यांपैकी मी नाही. फोटो मोठा करून बघितला. आतली माती आणि बाहेरची माती, रंग सारखाच. आकडे काढले, तेही सारखे. कांडी किती फरक खपवून घेते ते कमीजास्त करता येतं. ते वाढवून पाहिलं. बाभूळ पकडली गेली, किल्ल्याचा पायथा पकडला गेला, आणि ही बाई तेवढी बाहेर. मग कांडी सोडली आणि लॅसो घेतला, म्हणजे माउसने आपणच रेषा ओढायची, सॉफ्टवेअरच्या अकलेवर काही सोडायचं नाही. सगळं शेत हाताने घेरलं आणि हिरवा ओतला.

शेत हिरवं झालं. मधे ती मातीच्याच रंगाची बसून राहिली.

आता तर ती सरळसरळ दिसत होती. मी दुसरा फोटो उघडला, विरुद्ध बाजूने घेतलेला. त्यातही मुंग्यांनी तीच जागा सोडली होती, पण तिथं पाठ होती. डोक्यावरून पाठीवर उतरलेला पदर, थोडा वाकलेला खांदा. ड्रोनच्या फोटोत वरून दिसावं तसं गोल डोकं आणि बाहेर आलेला एक गुडघा.

"रफिकभाई," मी हाक मारली. "लेन्सवर धूळ होती का तुमच्या?"

ते मागे येऊन उभे राहिले. तिन्ही फोटो त्यांनी बराच वेळ बघितले.

"दो अलग कॅमेरे मॅडम," ते म्हणाले. "ड्रोन का बी उसीच जगा मैला हुआ क्या?"

"मग काय आहे हे?"

"मेरे को क्या मालूम. मैं फोटू निकालता. बैठे हुए लोगां को उठाता नई." आणि ते नमाजला निघून गेले.

मी क्लोन स्टॅम्प घेतला. शेजारचं गवत उचलायचं आणि एकेक ठिपका त्या जागेवर चिकटवायचा, रांगोळी भरतो तसं. त्याने ती झाकली गेली. झाकली म्हणते, गेली म्हणत नाही. आणि न झाकलेला फोटो मी वेगळा ठेवला, नंतर चूक शोधायची म्हणून. चूकच असणार, याची मला तेव्हा खात्री होती.

तोच फोटो उघडा असताना भाऊसाहेब आला.

"ही कोण बसवली?" त्याने विचारलं.

मी त्याला काही सांगितलं नव्हतं. ही बाई आहे, बसलेली आहे, काहीच नाही.

"तुम्हीच सांगा कोण आहे."

"चेष्टा करता का ताई?" तो हसला आणि स्क्रीनजवळ आला. मग हसायचा थांबला. किल्ला कोणत्या बाजूला आहे ते बोट लावून पाहिलं, बाभळीपासूनचं अंतर पाहिलं. आणि खुर्ची न पुसता खाली बसला.

"काढून टाका ती," तो म्हणाला.

"ब्रोशरमधून काढलीय. कोण आहे पण?"

"काढून टाका म्हणलं ना," एवढं बोलून तो उठला. चहा मागवलेला होता, तोही घेतला नाही.

बुकिंगचा कार्यक्रम रविवारी सकाळी होता, जागेवरच. रफिकभाईंना फोटो काढायचे होते आणि मला ब्रोशरचे गठ्ठे पोचवायचे होते. प्लॉटिंगचे कार्यक्रम ज्यांनी पाहिले नाहीत ते सुखी. सनईची कॅसेट, फेटे, प्रत्येक माणसाला "साहेब". शेंद्र्याच्या कंपन्यांमधली नोकरदार माणसं बायकापोरांसकट आली होती, आयुष्यात एकदा स्वतःची जागा घ्यायची म्हणून, आणि हा गडी त्यांना गवताचे फोटो वाटत होता.

मंडप जमिनीच्या मधोमध असणार होता. मला माहीत होतं, कारण नकाशा मीच काढला होता. प्रत्यक्षात तो पार रस्त्याला चिकटून घातलेला.

"मंडप इकडे का घेतला?" मी विचारलं.

"तिकडं ऊन लागतं," भाऊसाहेब म्हणाला.

कडेची बाभूळ सोडली तर त्या अख्ख्या जमिनीवर एक झाड नव्हतं. ऊन सगळीकडे सारखंच होतं.

धूळ बसावी म्हणून पाण्याचा टँकर फिरत होता. भाषण चालू असताना तो मधल्या भागात रिव्हर्स घेत गेला आणि त्याचं मागचं चाक जमिनीत बुडालं. आधी वाटलं चिखलात रुतला. मग पोत्यातून धान्य सांडावं तसा आवाज आला आणि टँकरचा मागचा भाग खाली जायला लागला. ड्रायव्हरने उडी मारली म्हणून वाचला. टँकर तिरपा होऊन अडकला आणि त्याच्या बाजूने माती आत, खाली, खूप खाली पडत राहिली. धूळ बसल्यावर दगडाने बांधलेली गोल भिंत दिसली. विहीर होती. वरवर बुजवलेली.

बायांनी पोरांना कडेवर उचललं. नकाशाप्रमाणे मंडप घातला असता तर सगळ्या खुर्च्या, आणि खुर्च्यांमधून पळणारी सगळी पोरं तिथं असती. मी रफिकभाईंकडे पाहिलं. त्यांनी कॅमेरा खाली घेतला होता.

भाऊसाहेबाने काय केलं? आधी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. मग माईक घेऊन म्हणाला, "मंडळी, घाबरू नका, जमिनीत पाणी सापडणं शुभ असतं." आणि दुसऱ्या दिवशी मला फोन. नवीन ब्रोशर करायचं, त्यात 'पुरातन विहीर, हेरिटेज गार्डन' असं टाकता येईल का. मी काम घेतलं नाही. अशा माणसासाठी शब्दसुद्धा वाया घालवू नयेत, म्हणून नुसता फोन ठेवला.

त्याच आठवड्यात एका दुपारी जिन्यावर कुणीतरी थांबत थांबत चढताना ऐकू आलं. नऊवारी नेसलेली, बारीक अंगाची म्हातारी. एकटीच रिक्षा करून आली होती.

"मी भाऊसाहेबाची आई," ती म्हणाली. "तुमच्याकडं फोटू हाय म्हणं. घरी बोलला त्यो. मला बघायचाय."

मला नाही म्हणायचं होतं. त्या कुटुंबाचा मला कंटाळा आला होता. पण तिला धाप लागलेली, म्हणून पाणी दिलं आणि तो हिरवा फोटो उघडला. ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.

"वच्छी हाय," ती म्हणाली.

"कोण?"

"वच्छला. माझी धाकली जाऊ. भाऊसाहेबाची चुलती." म्हातारीचा आवाज जराही हलला नाही. "तिचं पोरगं त्या हिरीत गेलं. नुकतं चालाया लागलं व्हतं. तवापासून ती काठावर बसायची, अशीच, गुडघ्यावर हात ठिवून. वस्तीवरचं कुणाचं बी लेकरू तिकडं गेलं की हाकलायची. लोकं येडी म्हणायची. मी बी म्हणायची."

"भाऊसाहेबांना आठवते ती?"

"न आठवाया काय झालं. त्याला तर दंडाला धरून वढला व्हता तिनं काठावरनं. लई मारलं बी व्हतं." तिने पाण्याचा घोट घेतला. "ती गेली म्हातारी हून, तापानं. मग ह्यानं हीर बुजवली. आत काय भरलं त्याचं त्यालाच ठाव."

मग तिने विचारलं, याचा कागदावर फोटो निघतो का. घरात वच्छलाचा एकही नाही. कुणी काढलाच नाही कधी.

"मावशी, यात चेहरा नाही हो," मी म्हणाले. "नुसती माती आहे. बघा ना."

"आसू द्या. चेहरा मला ठाव हाय."

मी चांगल्या कागदावर प्रिंट काढून दिली. तिने ती पदरात गुंडाळली आणि कठडा धरून जिना उतरली. रफिकभाई न सांगता तिच्यासोबत खाली गेले आणि रिक्षात बसवून आले.

तेव्हापासून मी या धंद्यातल्या बऱ्याच लोकांना तो फोटो दाखवला. एक म्हणाला, बुजवलेल्या मातीत ओल धरते, तिचा रंग किंचित वेगळा पडतो. पडत असेल. पण मग गोल दिसायला हवा होता, विहिरीचा. ओलीला पदर कसा येतो? ती समोरून समोरची आणि मागून पाठमोरी कशी दिसते? त्याने खांदे उडवले आणि विषय बदलला.

कारण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर तेही इथं खाली लिहू नका, कारण तुम्ही 'आत्मा' लिहाल, मी 'ओल' म्हणेन आणि दोघांनाही काही कळलेलं नसेल. त्या म्हातारीने यातला एकही शब्द वापरला नाही. तिने फोटो बघितला आणि नाव सांगितलं.