नंदूभाऊचा आवाज कुठून येतो

कॉलेजात शिकवणाऱ्या एखाद्या सरांना पालथं पडून अॅम्प्लिफायरचा वास घेताना तुम्ही कधी पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे, आमच्याच दुकानात. वास घेऊन झाल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, याच्यात मेथीचा वास येतो." मी म्हटलं, "सर, तो मागच्या खोलीतून येऊन राहिला. भाजी फोडणीला टाकली आहे."

आमचं अमरावतीला अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. हे दुरुस्ती करतात आणि मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळते. मी दहावी शिकलेली; हे काम लग्नानंतर यांच्याकडूनच शिकले. पंचवीस वर्षांत तांब्याच्या तारेचे तुकडे जसे टेबलाखाली साचतात, तसे हे किस्से साचले आहेत. झाडू मारला तरी चार राहतातच. त्यातले निम्मे नंदूभाऊच्या गिटारचे आहेत.

* * *

नंदूभाऊ वलगावचे. घरची झेंडूची आणि शेवंतीची शेती. पहाटे फुलं घेऊन बाजारात येतात आणि उरलेला दिवस रॉक गिटार वाजवतात, असं त्यांची बायको म्हणते. पहिल्यांदा आले तेव्हा गिटार पोत्यात गुंडाळलेली होती. यांना विचारलं, "रमेशभाऊ, लग्नातल्या भोंग्याच्या मशीनले गिटार लागते का?"

हे म्हणाले, "लागते. पण काहून लावता? बाजारात गिटारचं तयार मशीन भेटते."

"पाहून आलो. त्याच्यातून दुसऱ्याचा आवाज येते. मले माहा पाह्यजे."

मग यांनी जुन्या साऊंड सर्व्हिसचं एक काचेच्या वॉल्व्हचं मशीन घेतलं आणि महिनाभर खपून ते गिटारसाठी तयार केलं. त्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचं काम अर्थातच माझं.

आणि तिथेच मी चुकले.

ते तुम्हाला आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडी पट्ट्या बसवतात. एक पट्टी या बाजूने, दुसरी त्या बाजूने, अशा आलटूनपालटून. ट्यूबलाईटच्या चोकमध्ये मात्र सगळ्या एका बाजूने बसवतात आणि मध्ये कागदाची फट ठेवतात. त्या आठवड्यात मी चोकच चोक केले होते. हाताला तीच सवय लागली. नंदूभाऊच्या ट्रान्सफॉर्मरलाही मी चोकसारख्याच पट्ट्या बसवल्या आणि फटीत नेहमीप्रमाणे लग्नपत्रिकेची चिंधी सरकवली. वर वॉर्निश मारलं. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, तोवर मशीनचं झाकण लागून ते नंदूभाऊच्या हातात गेलं होतं.

आमच्या यांचा एक नियम आहे. चुकलेली वस्तू दुकानाबाहेर जात नाही. एकदा माझे बारा वेढे कमी पडले होते, तर यांनी आख्खी तार सोडवायला लावली होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात नंदूभाऊने गिटार लावून एक तार छेडली. ते खाली बसले. डोळे पुसून म्हणाले, "वहिनी, हाच. हाच माहा आवाज हाये."

त्या माणसाला काय सांगायचं? मी चहा ठेवायला आत गेले. चौदा वर्षं कोणी ते मशीन उघडायला घेतलं की मी चहाच ठेवायला आत जायचे.

* * *

आता ते वास घेणारे सर. देशमुख सर अकोल्याच्या तंत्रनिकेतनात शिकवतात आणि स्वतः गिटार वाजवतात. त्यांनी नंदूभाऊला एकदा ऐकलं आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही नको. त्यांनी यांच्याकडून हुबेहूब तसंच मशीन करून घेतलं. त्याचा ट्रान्सफॉर्मर मीच गुंडाळला, या खेपेला अगदी बरोबर. तो आवाज काही येईना.

तेव्हा सर एक एक कारण शोधत निघाले. एक दिवस नंदूभाऊच्या स्पीकरच्या पेटीत मागून हात घातला, तर आत कापूस. सरांना वाटलं, सापडलं! अकोल्याला जाऊन गादीवाल्याकडून कापूस पिंजून आणला, तोलून पेटीत भरला आणि महिनाभर वाजवून पाहिलं. शेवटी नंदूभाऊला विचारलं, "तुमचा कापूस कोणत्या जातीचा?"

नंदूभाऊ म्हणाले, "मले काय मालूम सर. उंदरानं आणला."

* * *

दुसऱ्या वेळी सरांचं लक्ष नंदूभाऊच्या हातातल्या पिकवर गेलं. पिक म्हणजे तार छेडायची टिकली. नंदूभाऊ ती बाजारातून आणत नाहीत. झेंडूवर मावा, तुडतुडे अशी कीड पडली की फवारतात त्या औषधाच्या डब्याचं झाकण कापून करतात. सरांनी डब्याचा फोटो काढला आणि अकोल्यातल्या कृषी केंद्रात गेले.

दुकानदाराने विचारलं, "कोणत्या पिकावर मारता?"

सर सरळ माणूस. म्हणाले, "गिटारवर."

दुकानदाराने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "मावा पडला का?"

* * *

नंदूभाऊ नेहमी सांगायचे की वावरातल्या पाण्याच्या मोटारी सुरू असल्या, व्होल्टेज पडलं, की मशीन सर्वांत गोड बोलतं. आमचे हे म्हणाले, तसं होऊ शकतं. झालं. सर मीटर घेऊन वलगावला हजर. आम्हीही गेलो, वांग्याच्या भरताचं जेवण होतं.

नंदूभाऊ वाजवत होते, सर मीटरकडे पाहून वहीत आकडे लिहीत होते. शेजारच्या वावरात एक मोटार सुरू झाली, आकडा उतरला. दुसरी सुरू झाली, अजून उतरला. सरांचा चेहरा उजळत गेला. तिसरी मोटार सुरू झाली आणि गावची लाईटच गेली.

नंदूभाऊ डोळे मिटून वाजवत होते. त्यांना कळलंच नाही. ते तसेच वाजवत राहिले, गिटारच्या नुसत्या तारांचा बारीक आवाज येत राहिला. सर कान लावून ऐकत होते. हळूच मला म्हणाले, "वहिनी, आवाज तोच आहे बरं का."

आणि वहीत लिहिलं: व्होल्टेज शून्य.

आम्ही सगळे हसलो, सरही हसले. पण जेवताना ते यांना म्हणाले, "रमेशभाऊ, मशीनमध्ये काही फरक नाही, तुम्ही दोन्ही सारखीच केली. म्हणजे कमी आहे ती माझ्या बोटांत." त्यांनी भाकरी धरलेल्या हाताकडे असं पाहिलं की मी उठून त्यांना आणखी भरीत वाढलं.

* * *

आता शेवटचं सांगते. यंदाचंच.

नंदूभाऊ आयुष्यभर लग्नात, गणपतीत, कुणाच्या वाढदिवसात वाजवत आले. यंदा पहिल्यांदा फक्त त्यांचा कार्यक्रम ठरला, अकोल्याला, त्यांच्याच चालींचा. लोक जेवायला किंवा आरतीला येणार नव्हते, नंदूभाऊला ऐकायला येणार होते. सगळी धावपळ देशमुख सरांची.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठला नंदूभाऊची फुलांची गाडी दुकानासमोर थांबली. मागून मशीन उतरवलं. ते हातात घेण्याआधीच मला जळका वास आला. घाईत स्पीकरची तार न जोडताच त्यांनी मशीन चालू करून पाहिलं होतं. वॉल्व्हच्या मशीनला ते चालत नाही; ट्रान्सफॉर्मर जळला होता.

सरही नंदूभाऊला घेऊन जायला आदल्या दिवसापासून अमरावतीतच होते, तेही धावत आले. हे म्हणाले, "घाबरू नका. चौदा वर्षांआधीचं माहं डिझाईन आहे, सगळं लिहून ठेवलं आहे. दुपारपर्यंत नवा देतो."

मी तार गुंडाळायला बसले. सवयीने पट्ट्याही मीच घेणार होते, तर हे म्हणाले, "दे, आज मी बसवतो." यांनी एकेक पट्टी पुसून बसवली. एक इकडून, एक तिकडून. इतकं नीटनेटकं काम मी पाहिलं नव्हतं.

बारा वाजता मशीन जोडलं. नंदूभाऊने दोन सूर वाजवले आणि गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"भाऊ, आवाज चांगला हाये," ते म्हणाले. "पण कोणाचा हाये?"

यांनी सगळं पुन्हा तपासलं. वॉल्व्ह, तारा, स्पीकर. सगळं बरोबर. सर म्हणाले, "माझ्याकडे असाच येतो." नंदूभाऊने गिटार पोत्यात गुंडाळायला घेतली. मग म्हणाले, "सर, कार्यक्रम राहू द्या. लोक माहा आवाज ऐकाले येऊन राहिले, मी त्यायले दुसऱ्याचा कसा देऊ?"

मी मशीनजवळ उभी होते.

"तो चुकलेला होता," मी म्हटलं.

हे वळले. "काय?"

"पहिला. जळलेला. मी पट्ट्या चोकसारख्या बसवल्या होत्या. एका बाजूनं. मध्ये कागद टाकून."

यांनी जळलेला ट्रान्सफॉर्मर उचलला, खिडकीपाशी नेला, वॉर्निश खरवडून पाहिलं.

"चौदा वर्षं?" यांनी विचारलं.

"हो."

"अन् मी लोकायले सांगत राहिलो, माहं डिझाईन आहे म्हणून."

सर मात्र हळूच खुर्चीत बसले. आपले दोन्ही हात त्यांनी पुढे धरले आणि लहान मुलासारखं विचारलं, "वहिनी, म्हणजे माझी बोटं..."

"बरोबर आहेत सर," मी म्हटलं. "तुमची बोटं पहिल्यापासून बरोबर आहेत."

यांनी नवा ट्रान्सफॉर्मर मशीनमधून काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "लाव. तेव्हा लावलं होतं तसंच."

पट्ट्या काढायला वेळ लागला नाही. अडलं ते कागदापाशी. फटीतला कागद जुन्या लग्नपत्रिकेच्याच जाडीचा हवा. आता पत्रिका सगळ्या मोबाईलवर येतात, आणि ज्या घरी येतात त्या पुठ्ठ्याएवढ्या जाड. मी कपाट उपसलं, सरांनी कार्यक्रमाची निमंत्रणं आणली, ती गुळगुळीत निघाली. शेवटी नंदूभाऊने गाडीतून एक पत्रिका आणली. मी बोटांत धरून पाहिली. जाडी बरोबर होती. पण उघडून बघते तर लग्न पुढच्या आठवड्यातलं.

"अहो, हे लग्न अजून व्हायचं आहे."

"माह्या साळ्याच्या पोरीचं हाये," नंदूभाऊ म्हणाले. "हार माह्याकडूनच जाणार हायेत, तारीख पाठ हाये. कापा."

मी वधूवरांची नावं सांभाळून खालच्या कोऱ्या भागाची पट्टी कापली.

अडीच वाजता नंदूभाऊने गिटार लावली. एक तार छेडली. या खेपेला डोळे पुसले नाहीत. गिटार पोत्यात गुंडाळली, मशीन उचललं आणि म्हणाले, "चला, उशीर होऊन राहिला."

अकोल्याचा कार्यक्रम कसा झाला ते माझ्यासारखीने काय सांगायचं? रॉक मला आजही पुरतं कळत नाही. पण सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे होते आणि नंदूभाऊची बायको माझा हात धरून बसली होती. हे खुर्चीवर बसले नाहीत. पूर्ण वेळ पडद्याआड मशीनजवळ उभे होते, तान्ह्या लेकराजवळ उभं राहावं तसे.

परतताना मूर्तिजापूर आलं. तेव्हा यांनी विचारलं, "आणखी कोणाकोणाचे चुकवले?"

"तो एकच."

"आठवून सांग."

"एकच हो."

बडनेऱ्याला यांनी पुन्हा तेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशमुख सर पहिल्या गाडीने अमरावतीला आले आणि आपला चांगला चालणारा ट्रान्सफॉर्मर मशीनमधून काढून टेबलावर ठेवला. यांनी काही न बोलता त्याचे चारही स्क्रू काढले, पट्ट्या सैल केल्या आणि तो माझ्याकडे सरकवला.