मिठाचे दरवाजे

नांदुऱ्याच्या एसटीत माझ्या शेजारी बसलेली बाई आपल्या दहाएक वर्षांच्या पोरीच्या पाठीवर धपाधप थापा मारू लागली. मी तडकलेच. "काऊन मारून राह्यली वं लेकराले?"

ती हसली. "मारत नाही मावशी, कफ सोडवून राह्यली. हिच्या श्वासनळीतल्या पेशींचे मिठाचे दरवाजे जन्मापासूनच उघडत नाहीत. मीठ बाहेर येत नाही, म्हणून त्याच्यामागं पाणीही येत नाही. मंग कफ डिंकावानी चिकटते. घामातलं मीठ मात्र आत परतत नाही, म्हणून मुका घेतला का खारट लागे, तवाच मले शंका आली होती."

हाताची ओंजळ पालथी घालून ती थापत होती. बरगडी न बरगडी तिला पाठ होती. "आज शाळेत पोवाडा म्हणायचा आहे हिले. दम पुरला पाह्यजे. आमच्या घरी श्वास आयता येत नाही मावशी, रोज दोन टाइम थापून आणा लागते."

पोरगी खोकली, रुमालात थुंकली आणि म्हणाली, "आई, म्हणून पाहू?"

तिने शेवटचा 'जी जी जी' असा लांबवला, की कंडक्टर घंटी मारायची विसरला. सूर कुठेच तुटला नाही. साऱ्या एसटीने टाळ्या वाजवल्या. तिची आई तेवढी दोन्ही हात मांडीवर ठेवून निवांत बसली होती.