टॉवेलाखालची फी

"अहो साहेब, हात आत घ्या की टॉवेलाच्या. भाव असा तोंडानं करत्यात व्हय?"

वडील फीच्या खिडकीत खांद्यापर्यंत घुसून ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की ते हडपसरात खाकरले तर स्वारगेटला बसचे ड्रायव्हर ब्रेक दाबतात. खिडकीपलीकडच्या कारकुनांनी पुढ्यात आलेल्या टॉवेलाकडे पाहिलं. "हात पुसायची सोय बाहेर आहे," ते म्हणाले आणि पुन्हा रजिस्टरात शिरले.

वडिलांनी निम्मं आयुष्य बैलबाजारात दलाली केली, हे त्यांना कसं ठाऊक असणार? तिथे टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरतो, आजूबाजूच्यांना कळतही नाही. पुढे गाव शहरात गेलं, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या. टॉवेल मात्र खांद्यावरून उतरला नाही.

मला एम.फार्म. करायचं होतं, तेही फार्माकॉलॉजीत. म्हणजे औषध आणि विष पोटात गेल्यावर काय काय उद्योग करतात, त्याचा अभ्यास. त्यासाठी वडिलांनी मला स्कूटरवर मागे बसवून शंभर तरी कॉलेजं पालथी घातली. आई म्हणते, तीन. प्रत्येक ठिकाणी त्यांनी आधी प्रयोगाचे उंदीर पाहायला मागितले, कारण दात बघितल्याशिवाय किंमत विचारायची नाही हा त्यांचा नियम. शपथेवर सांगते, एका उंदरानं त्यांना बघून आपणहून तोंड उघडलं.

पहिलं कॉलेज हडपसरच्या पुढे. त्याच्या दारात कारंजं होतं, आणि फीचा आकडा वाचून होईपर्यंत हातातला चहा गार झाला. दुसरं शहराबाहेर. फी बेताची, पण होस्टेल, मेस आणि प्रयोगशाळेचे वेगळे पैसे धरले की तेही कारंज्याच्या बरोबरीला येत होतं. तिसरं हे सदाशिव पेठेतलं, जुनं, अनुदानित. फी कारंजेवाल्यांच्या शेपटाएवढी. वर मी प्रवेश परीक्षा पास झाले होते, म्हणून सरकार मलाच दरमहा विद्यावेतन देणार होतं. यादीत नावही लागलं होतं. पाचपर्यंत पैसे भरले नाहीत तर जागा पुढच्या नावाला जाणार होती, आणि घड्याळात साडेचार वाजून गेले होते.

नेमके इथेच वडील अडले. फी महाग वाटली असती तर एक वेळ समजू शकलं असतं. त्यांना ती स्वस्त वाटत होती.

"पोरीला शिकवायचं, आन् वर तिलाच पैसं द्यायचं?" ते माझ्या कानाशी म्हणाले, म्हणजे अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं. "जनावरात काहीतरी खोड हाय. ह्यो मानूस बोलत न्हाय. त्यापरीस कारंजेवाला बरा, त्यानं भाव तरी दणकून सांगितला."

मी समजावून थकले. आमच्या मागे रांगेत आलेल्या पोरांना एव्हाना दाढ्या फुटल्या होत्या.

पाचला दहा कमी असताना वडील पुन्हा खिडकीत वाकले. "साहेब, इमानानं खोड सांगा. सांगितलीत की पूर्ण पैसं भरतो, घासाघीस न्हाय."

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गातला पंखा चालत नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"आता कसं," म्हणत वडिलांनी टॉवेलानं कपाळ पुसलं, फोन काढला आणि एक रुपया कमी न करता फी भरली. घरी जाताना थांबून दोन मिसळी मागवल्या आणि त्या पंख्याचं वर्णन स्वतः बिघडवल्यासारखं अभिमानानं मिसळवाल्याला ऐकवलं.

दोन वर्षं मी त्या वर्गात मजेत बसले. पंखा पहिल्या दिवसापासून असा फिरायचा, की आमच्या वह्या लकडी पुलावरून गोळा करून आणाव्या लागायच्या. शेवटी कागदपत्रं घ्यायला गेले, तेव्हा त्याच खिडकीत मी पंख्याचं विचारलंच.

"फी वाढवणं माझ्या हातात नव्हतं," ते शिक्का मारत म्हणाले. "इथे सही करा."