पायाळूची लाथ आणि दादाचा अंगठा

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले तेव्हाची ही गोष्ट. वलगावच्या पाठींचा कारभार मात्र माझ्या उजव्या पायाकडे होता. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर काढलेला. पायाळूनं लाथ मारली की उसण जाते, हे सगळं गाव मानायचं. सकाळी माणसं अंगणात पाठ करून उभी राहत. दात घासता घासता मी दोन-तीन उरकून टाकत असे.

त्या हिवाळ्यात कोबीची टोपली उचलताना थोरल्या भावाची कंबर धरली. मी तीन लाथा दिल्या. भाऊ म्हणून त्यातली एक जरा मनापासून.

चार दिवसांनी दादा म्हणाला, "कंबर मोकळी झाली लेका! आता नुसता पाय दुखून राह्यला."

मी मिशीला पीळ दिला. दुखणं खाली उतरलं होतं; आणखी थोडं उतरलं की जमिनीत जाईल, असा माझा अंदाज.

पण दादा खोकला की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ सर्रकन जाई. बसवत नसे, म्हणून तो उभ्यानं जेवे.

"घोड्यावानी काहून जेवून राह्यले?" वहिनी म्हणाली.

मग एक दिवस तो मळ्यातून आला तो एकाच चपलेनं.

"दुसरी कुठं?" मी विचारलं.

"पायात."

त्यानं खाली पाहिलं. चप्पल अर्ध्या वाटेवर सापडली. "पायाच्या अंगठ्याला चिमटा घेऊन पाहतो," मी म्हणालो.

"घे ना," तो म्हणाला.

"घेतला."

वहिनीचं हसू तिथंच थांबलं.

बैलबंडीत गवत अंथरून त्याला अमरावतीला नेलं. डॉक्टरनं उताणा निजवून, गुडघा न वाकवता पाय उचलला. वीतभर उचलताच दादा किंचाळला. टाचेवर चालायला सांगितलं, तर पंजा लोंबला.

"दोन मणक्यांमधली गादी सरकली, पायाची नस दाबली गेली," डॉक्टर म्हणाला. "फळीवर निजवा. पाय आणखी लुळा पडला किंवा लघवी अडली, तर तसेच उठून इथं आणा. कमरेला मार लागला होता का?"

मी उजवा पाय हळूच डाव्यामागे नेला.

दीड महिना वहिनी रोज सकाळी अंगठा हलवायला सांगे. एका सकाळी तो हलला. तव्यावरची भाकर तशीच टाकून ती ओरडली, "भाऊजी, तुमची लाथ लागू पडली!"

मी पुष्कळ समजावलं. कोणी ऐकेना. तेव्हापासून कुणी पाठ घेऊन आलं की मी आधी खोकायला लावतो, मग टाचांवर अंगणभर चालवतो. कळ पायात उतरली तर लाथ नाही, सरळ अमरावती.

गाव म्हणतं, पायाळूले गर्व झाला.